दर्यार रेघ कशी मारतलंस?

गेल्या डिसेंबरात गावी मालवणला गेलो होतो तेव्हा पहाटे रापण ओढायला गेलो. ओढायला म्हणजे काय, आपली हौस. वर्षभर पुण्यात लॅपटॉपसमोर बसणाऱ्याने त्या दोरीला हात लावला की पंधरा मिनिटांत तळहात सोलवटतात. रापण कधी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडत नेतात, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडे माणसं रांगेने उभी राहून तास-दोन तास ओढत बसतात. म्हातारे, पोरं, बायका, जो येईल तो. शेवटी जाळ्याचा खोळ वाळूवर आला की कळतं आज काय नशिबात आहे, बांगडा की तारली की नुसता जेलीफिश.

त्या दिवशी बांगडा बरा होता आणि खोळात एक कासव पण होतं. माझा चुलत काका, वय सत्तरीच्या पुढे, जाळ्याच्या मालकांपैकी एक, त्याने शिव्या घालत घालत कासवाच्या पायातली जाळी सुरीने कापली. शिव्या कासवाला नव्हत्या, जाळ्याचा पैसा गेला त्याला होत्या. तोवर त्याचा नातू मोबाईल काढून शूटिंग करत होता, कारण २०१८ च्या डिसेंबरपासून राज्य सरकारची योजना आहे, जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला आणि त्याचे फोटो-व्हिडिओ दिले तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. कासव लाटेत गेलं. मी आपला शहाणपणा करायला म्हटलं, काका, हे सगळं अभयारण्यात येतं ना? काकाने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच ते जाहीर केलंय. "दर्यार रेघ कशी मारतलंस रे झिला?"

हा लेख त्या प्रश्नावर आहे.

तर रेघ मारलीय, आणि ती नवी नाहीये. १३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा म्हणजे कोअर झोन ३.१८२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचं पाणी आणि खडक, आणि बाकीचा बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. प्रवाळ आहेत, समुद्रपंखे आहेत, कासवं येतात, डॉल्फिन दिसतात. म्हणजे जागा निवडली ती चुकीची निवडली असं कोणी म्हणू शकत नाही. पण तीच जागा म्हणजे मालवणातल्या छोट्या मच्छीमाराचं अंगण. त्याच्या दारासमोरचं पाणी. आणि हे अंगण सरकारने नकाशावर रंगवलं तेव्हापासून मालवणात "अभयारण्य" हा शब्द शिवीसारखा वापरतात, निवडणूक आली की दोन्ही बाजू तो बाहेर काढतात आणि निवडणूक झाली की परत कपाटात.

गंमत काय आहे बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला दुरुस्ती झाली आणि तेव्हा त्यात असं लिहिलं गेलं की सागरी हद्दीतला भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित राखायची पुरेशी व्यवस्था करूनच हद्द ठरवावी. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही कळलं होतं की समुद्र म्हणजे काही जंगल नाही, तिथे माणूस रोज जातो आणि रोजचं जेवण आणतो. पण मालवणची रेघ त्याच्या चार वर्षं आधी मारून झाली होती. नवीन घरात वायरिंग भिंतीतून जाते आणि जुन्या घरात ती भिंतीवरून लोंबकळते, तसं आमचं झालंय.

आता येतो त्या शब्दाकडे, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. स्टेकहोल्डर. मी काही वर्षांपूर्वी अशा एका बैठकीला बसलो होतो, काकाला सोबत म्हणून. एसी हॉल, पाठीमागे बॅनर, समोर पांढरा बोर्ड. एक मॅडम, खूप चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या, त्यांनी बोर्डावर मोठं गोल काढलं, आत लिहिलं समुद्र, आणि बाहेर छोटे छोटे गोल. वनविभाग. मत्स्यविभाग. पर्यटन. संशोधक. एनजीओ. हॉटेलवाले. मच्छीमार. सगळे गोल सेम साइज. सगळ्यांना पाच-पाच मिनिटं बोलायला. काकाचा नंबर आला तोवर जेवणाची वेळ झाली होती, त्याला दोन मिनिटं मिळाली आणि तो मालवणीत बोलला ते मिनिट्समधे "मच्छीमारांनी चिंता व्यक्त केली" असं एका ओळीत आलं.

येताना गाडीत मी त्याला स्टेकहोल्डरचा अर्थ समजावत होतो, तो म्हणाला, म्हणजे वाटेकरी. आणि मी गप्प झालो, कारण इतकी वर्षं मी "हितसंबंधी", "भागधारक" असले जड शब्द वाचतोय आणि हा शब्द माझ्या घरात होता.

पण रापणीतला वाटेकरी कोण असतो? जाळ्याचा वाटा असतो, होडीचा वाटा असतो, आणि ज्याने दोरी ओढली त्याचा वाटा असतो. उशिरा आला तर कमी मिळतो. ओढलीच नाही तर काठावर उभं राहून बघ, कोणी हाकलत नाही, पण वाट्याला उभा राहू नको. आता हा हिशोब त्या बोर्डावरच्या गोलांना लावून बघा. या समुद्राची दोरी कोण ओढतंय आणि वाटा कोण नेतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. समुद्र वाचवायची किंमत ज्याच्याकडून सर्वात जास्त घेतली जाते त्याचा आवाज टेबलावर सर्वात लहान आहे, आणि हे जोवर उलटं होत नाही तोवर अभयारण्य कागदावरच राहणार, मग कितीही बोर्ड लावा.

पण थांबा, मी मच्छीमाराची आरती ओवाळायला बसलेलो नाही. "मच्छीमार" असा एकच माणूस नसतोच मुळी, आणि ही गोष्ट बाहेरच्या लोकांना कळत नाही आणि आतल्या लोकांना सोयीस्कररीत्या आठवत नाही. रापणकर वेगळा, पाण्यात उभं जाळं लावणारा गिलनेटवाला वेगळा, ट्रॉलरवाला वेगळा, आणि पर्ससीनवाला तर या सगळ्यांचा दुश्मन. पर्ससीन म्हणजे माशांचा थवा बघून त्याच्याभोवती भलंमोठं जाळं टाकायचं आणि बटव्याची नाडी ओढावी तसं खालून आवळून घ्यायचं, थवाच्या थवा एका फटक्यात. रापणीला जो बांगडा किनाऱ्याजवळ येणार तो बाहेरच उचलला जातो. सरकारने नेमलेल्या सोमवंशी समितीने याचा अभ्यास केला, त्यावर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारची अधिसूचना निघाली, पर्ससीनचे परवाने कमी करत करत १८२ वर आणायचे, सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मासेमारी. मग एलईडीचं प्रकरण आलं, रात्री समुद्रात जनरेटर लावून हजारो वॉटचे दिवे पेटवायचे की मासे आपोआप गोळा. केंद्राने नोव्हेंबर २०१७ ला त्यावर बंदी घातली. २०२१ ला राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा बदलून दंड लाखांत नेले. आणि तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं तर क्षितिजावर लाईट दिसतात, दिवाळी असल्यासारखी. राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, पुढे केंद्राची, आणि मासा बिचारा हद्द विचारून पोहत नाही. पकडलं की सांगायचं आम्ही बाहेर मारले. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर येतात, ते वेगळंच महाभारत.

आणि आता जे बोललं की गावात लोक रागावतात ते बोलतो. मिनी पर्ससीन घेणारे सगळे बाहेरचे नाहीत. आपलेच आहेत. रापणीला माणसं मिळेनात, पोरं मुंबईला गेली, ज्याच्याकडे चार पैसे होते त्याने कर्ज काढून मोठी बोट घेतली. आणि रापणीच्या खोळाची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, ती पण काही मोठी नसते, त्यात बोटभर पिल्लं पण येतात, मी स्वतः वाळूवर पडलेली बघितलीत. तेव्हा "पारंपरिक" म्हटलं की आपोआप पवित्र असं काही नाही. फरक एवढाच आहे की रापण एका जागी उभी असते, तिचा मासा संपला तर ती दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ शकत नाही, त्यामुळे तिला समुद्राची काळजी करावीच लागते, भले नाइलाजाने का होईना. माझा विश्वास माणसाच्या चांगुलपणावर कमी आणि या नाइलाजावर जास्त आहे.

मग आता पर्यटन. हा गोल बोर्डावर "इको-फ्रेंडली पर्याय" म्हणून आला होता, की मासेमारी कमी करा, स्कूबा करा, होमस्टे करा. आणि केलंय लोकांनी, माझा एक भाचा रापणकराच्या घरातला, आज स्नॉर्कलिंगला लोकांना नेतो आणि सीझनला काकापेक्षा कितीतरी जास्त कमावतो. चांगलंच आहे. पण कोअर झोनचं पाणी ज्याला म्हणतात त्याच किल्ल्याच्या आजूबाजूला सुट्टीच्या दिवशी किती होड्या उभ्या असतात ते एकदा जाऊन बघा. नांगर टाकतात तो कशावर पडतो? खाली खडकावर प्रवाळ आहेत त्यांच्यावर. पर्यटकांना मासे दिसावेत म्हणून पाण्यात ब्रेड टाकतात, मी स्वतः बघितलंय, छोटे रंगीत मासे ब्रेडला झोंबतायत आणि वर लाईफ जॅकेटमधे उलटे पडलेले लोक गोप्रो घेऊन आनंदात. प्रवाळावर उभे राहून सेल्फी. एखाद्या गरीब म्हाताऱ्याने तिथे गरी टाकली तर तो अभयारण्यात शिकार करतोय, आणि पन्नास जणांनी पाय ठेवला तर ते इको-टुरिझम. ह्याला मी मानत नाही. पाय ठेवणं हाही वापरच आहे, तो मोजा, त्याचे पैसे घ्या आणि त्याला पण मर्यादा घाला.

बाजारात अजून एक गोष्ट दिसते, काळी वाळलेली फांदीसारखी, फ्रेम करून, "इंद्रजाल" म्हणून विकतात, घरात लावलं की करणी लागत नाही म्हणे. तो समुद्रपंखा असतो, प्रवाळाचा भाऊबंद, कायद्याने पूर्ण संरक्षित. घेणारे सगळे शिकलेसवरलेले.

संरक्षणवाल्यांची बाजू मला पटत नाही असं नाही हं. उलट त्यांच्या एका मुद्द्यावर मी काकाशी भांडलोय. समुद्राचा थोडासा तुकडा खरोखरच्या अर्थाने बंद असायला पाहिजे. जिथे मासा निवांत वाढेल, अंडी घालेल आणि मग तिथून बाहेर येईल तो आपल्याच जाळ्यात. हे काही परदेशी खूळ नाही, आपण जून-जुलैला मासेमारी बंद ठेवतो तेव्हा दुसरं काय करतो? १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. सरकारी बंदी नव्हती तेव्हाही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी काढायची नाही हे होतंच. वेळेची बंदी कळते तर जागेची का नाही? काकाचं उत्तर असं की वेळेची बंदी सगळ्यांना सारखी आहे, माका आणि पर्ससीनवाल्याक पण, आणि जागेची बंदी फक्त ज्याची होडी लहान त्यालाच. त्याची होडी लहान, इंजिन छोटं, तो पन्नास वाव खोल पाण्यात जाऊ शकत नाही. हद्दीच्या आतलं पाणी बंद झालं की त्याचं सगळंच बंद, मोठ्या बोटीला काय फरक पडतो. आणि हे मला आजतागायत खोडून काढता आलेलं नाही.

दुसरं म्हणजे विश्वास. बंदी मान्य करायला समोरचा नियम पाळतो असं वाटावं लागतं. इकडे मच्छीमाराला सांगायचं किल्ल्याजवळ जाळं टाकू नको, आणि तिकडे पालघरला, डहाणू तालुक्यात वाढवण बंदर. १९९१ ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, १९९६ ला कोर्टाच्या आदेशाने डहाणू प्राधिकरण बसलं, १९९८ ला त्याच प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला. आणि ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, समुद्रात १४४८ हेक्टर भराव. आमचं अख्खं अभयारण्य २९१२ हेक्टर आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ निम्मं पाणी तिकडे दगड-वाळूखाली. बंदर पाहिजे की नको यावर मी इथे नाही शिरत, तो वेगळा लेख होईल आणि मला त्यात शिव्या पण खायच्या नाहीत. पण ज्या सरकारला समुद्रात भराव टाकताना रेघ आडवी येत नाही त्याच्या रेघेवर मालवणच्या म्हाताऱ्याने विश्वास का ठेवावा?

आणि आमच्याकडेही काही कमी नाही, तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड आणणार होते, लोकांनी विरोध केला. अभयारण्यापासून थोड्याच अंतरावर काचेच्या टाक्यांत मासे ठेवून दाखवायचे. समुद्र समोर असताना. असो.

मग काही जमलेलं आहे का? आहे. वेळास बघा, मंडणगड तालुक्यातलं. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी गावकऱ्यांना धरून कासवाची अंडी जपायला सुरुवात केली. पूर्वी तीच अंडी गावात खाल्ली-विकली जायची. आज कासव महोत्सवाला माणसं पार मुंबई-पुण्याहून येतात, राहतात कुठे तर गावकऱ्यांच्या घरात, जेवतात त्यांच्या हातचं. तिथे कोणी गावाला आधी गुन्हेगार ठरवून मग जनजागृती करायला आलं नाही. गुजरातला वेरावळच्या बाजूला व्हेल शार्कचं तसंच, २००४ च्या मोहिमेत मोरारीबापूंनी तिला माहेरपणाला येणारी लेक म्हटलं आणि तिला मारणारेच कोळी जाळी कापून तिला सोडायला लागले. आणि आमची ती २५ हजारांची योजना. नातवाने शूटिंग केलं ते कासवाच्या प्रेमाने की पैशाने, मला काय करायचंय, कासव सुटलं.

सिंधुदुर्गात २०११ नंतर यूएनडीपीचा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा प्रकल्प झाला, वनविभागाच्या कांदळवन कक्षाबरोबर, त्यातही मला आवडलेल्या गोष्टी बारीक आहेत. खाडीत बायकांच्या गटांनी कालवं आणि खेकडे वाढवले. ट्रॉलरसाठी टी-नाइन्टी नावाचं जाळं आलं, ते नव्वद अंशात फिरवून जोडलेलं असतं त्यामुळे ओढताना आस मिटत नाही, उघडी राहते आणि पिल्लं निसटतात. अशा गोष्टीवर मच्छीमार तासभर वाद घालतो, हात लावून बघतो, कारण ती त्याच्या भाषेतली आहे. "इंटिग्रेटेड मॅनेजमेंट प्लॅन" म्हटलं की तो तंबाखू मळायला लागतो.

तर मला विचाराल तर, कोणी विचारलं नाहीये पण सांगतो, कोअर लहान असू दे, अजून लहान करा हवा तर, पण तो रापणकर आणि डायव्हर पोरांना होडीत बसवून पाण्यावर ठरवा, नकाशावर नको. मग तो खराखुरा बंद. जाळं बंद, नांगर बंद, ब्रेड बंद, व्हीआयपीची बोट पण बंद. पर्यटकांच्या होड्यांना बांधायला कायमचे बोये टाका म्हणजे नांगराची गरजच नाही. बफरमधे रापण आणि लहान होडीचा हक्क लेखी द्या, आणि पर्ससीन-एलईडी तिथे दिसलं तर कळवायला आणि पंचनाम्याला मच्छीमार सोसायटीला अधिकार द्या, कारण गस्ती नौका येईपर्यंत दिवे विझलेले असतात. प्रत्येक स्नॉर्कलिंगच्या तिकिटातून काही रुपये या कामाला जाऊ देत. आणि कमिटीत निम्म्या खुर्च्या दोरी ओढणाऱ्यांच्या, त्यात मासे विकणाऱ्या बायका पण, कारण कुठला मासा यायचा बंद झाला हे सर्वात आधी पाटीवर बसणाऱ्या बाईला कळतं आणि तिचा गोल त्या बोर्डावर नव्हताच. एकाच पाण्यावर वनविभाग, मत्स्यविभाग, मेरीटाइम बोर्ड, किल्ला म्हणून पुरातत्त्व, पोलीस असे पाच-सहा मालक आहेत, त्यांनी आपसात काय ते ठरवावं, पण बैठक जून-जुलैत घ्यावी, होड्या वर काढलेल्या असतात तेव्हा.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय. परवा चुलतभावाने व्हॉट्सॲपवर एका पत्राचा फोटो पाठवला, पुढच्या चर्चासत्राचं. तारीख जानेवारीतली, सकाळी साडेअकराची, ऐन बांगड्याच्या हंगामात. काका जाणार नाही, भाऊ पण नाही, दोघांना रापणीवर जायचंय. पत्राखाली लिहिलंय की बाहेरगावच्या भागधारकांना ऑनलाइन सहभागी होता येईल. लिंक मला फॉरवर्ड केलीय. बहुतेक मी जॉइन होईन.